सीमाभागातील वस्तीवर अभ्यासकेंद्र चालवताना

केंद्राची वेळ शिकणाऱ्यांच्या कामाकडे पाहूनच ठरवावी. निपाणी परिसरात तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायका रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावरच मोकळ्या होतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील गवळी-धनगर वाड्यांवर मात्र मुलांना अंधारात पायवाटेने बोलावणे धोक्याचे असल्याने तिथे सकाळचीच वेळ योग्य.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती नोंदींची. हजेरीपटावर नुसती फुली मारून भागत नाही. प्रत्येकाची स्वतंत्र वही ठेवून तीत शेवटचा वाचलेला धडा, अडलेले जोडाक्षर किंवा हातच्याची वजाबाकी, आणि गैरहजेरीचे कारण लिहावे, म्हणजे ऊसतोडीवरून परतलेले मूल जिथे थांबले होते तिथूनच पुढे शिकू लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळते, तसेच दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ही गोष्ट पालकांना आवर्जून सांगावी आणि शक्य तर त्यांच्यासोबत शाळेत जावे.

वाचनाची सुरुवात घरच्या मराठीतून करावी. त्यानंतर कन्नड अक्षरओळख एसटीच्या पाट्या, रेशनकार्ड आणि वीजबिल यांवरून द्यावी, कारण कचेरीतला अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेण्याची लाचारी मला फार बोचते. भाषेचा वाद केंद्रात आणू नये.

जमाखर्च दरमहा वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा आणि किल्ली वस्तीतल्याच बाईकडे सोपवावी.