सेनापतीचे तारे कसे वाचावेत

स्ट्रॅटेजी गेममध्ये नवखा खेळाडू एक चूक हमखास करतो. यादी उघडतो, सगळ्यांत जास्त तारे असलेला सेनापती शोधतो आणि मोठ्यात मोठी फौज त्याच्या हाती देतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. आठ तारेवाला माझा वीर नदी ओलांडून डोंगरावर चढाई करायला गेला आणि फौज संपवून परत आला, तेव्हा कुठे मी आकड्यांखालची बारीक अक्षरं वाचायला लागलो.

आधी आकडा कशाचा आहे ते बघा

‘पराक्रम’ आणि ‘नेतृत्व’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच गेममध्ये त्यांचे आकडेही वेगळे असतात. ‘क्रुसेडर किंग्ज ३’मध्ये मार्शल म्हणजे फौज हाकण्याची अक्कल आणि प्रावेस म्हणजे स्वतः तलवार चालवण्याची ताकद. प्रावेस दांडगा आणि मार्शल बेताचा असेल, तर त्या माणसाला सेनापती करू नका, नाइट म्हणून लढू द्या. ‘रोमान्स ऑफ द थ्री किंग्डम्स’ ही १९८५पासून चालत आलेली जपानी मालिका. तिच्यात लू बू या चिनी योद्ध्याचं युद्धबळ बहुतेक भागांत १०० असतं, बुद्धी मात्र यथातथाच. समोरासमोरच्या द्वंद्वात त्याला तोड नाही, पण शत्रूच्या डावपेचात तो सहज अडकतो. त्याच्या निष्ठेचा आकडा तर रोज तपासावा असाच.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये सेनापतीला चार आकडे असतात: फायर, शॉक, मॅन्युव्हर आणि सीज. फायर गोळीबाराच्या टप्प्यात कामी येतो, शॉक हातघाईच्या. मॅन्युव्हरमुळे फौज भरभर चालते. वेढ्याचे फासे पडताना सीजचा आकडा त्यांत मिळवला जातो. किल्ल्यांनी भरलेल्या मुलखात सीज ३ असलेला, एरवी सुमार वाटणारा म्हातारा मला शॉक ५वाल्या तरुणापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

मग समोरच्याशी वजाबाकी करा

या पायरीवर थोडं थांबा, कारण निम्म्या लढाया इथेच हरल्या जातात.

याच गेममध्ये लढाई तीन दिवस फायर, तीन दिवस शॉक अशी आळीपाळीने चालते. प्रत्येक टप्प्याला ० ते ९ मधला एक फासा पडतो. त्यात तुमचा सगळा आकडा मिळवला जात नाही, दोन्ही सेनापतींमधला फरक मिळवला जातो. समजा, तुमच्याकडे फायर १ आणि शॉक ४, समोरच्याकडे फायर ३ आणि शॉक २. गोळीबारात त्याला २ जास्त मिळणार, हातघाईत तुम्हाला २. बेरीज सारखीच, तरी लढाई बरोबरीची नाही. १४४४मध्ये, म्हणजे खेळाच्या सुरुवातीला, बंदुका-तोफा फारशा नसतात, त्यामुळे शॉक भारी पडतो. दोन-अडीचशे वर्षांनी तोफांच्या रांगा उभ्या राहिल्या की तोच फायर ३वाला तुम्हाला झोडपतो.

आता यात जमीन धरा. चढाई करणाऱ्याला डोंगराळ प्रदेशात फाशातून २ वजा, नदी ओलांडली तर आणखी १. म्हणजे शॉकमध्ये तुम्ही ३ने पुढे असलात तरी पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत ती आघाडी शून्य! सुटका एकच: तुमच्या सेनापतीचा मॅन्युव्हर समोरच्यापेक्षा जास्त असेल तर नदीचा दंड लागत नाही. मॅन्युव्हरला ‘नुसता चालण्याचा आकडा’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

स्वभावाची दुसरी बाजू वाचा

आकडा सेनापती काय करू शकतो ते सांगतो, ट्रेट म्हणजे स्वभावगुण तो काय करून बसेल ते. ट्रेटवर माउस नेला की हिरव्या ओळी दिसतात, त्यांच्याखालच्या लाल ओळीही वाचा. ‘क्रुसेडर किंग्ज ३’मधला शूर माणूस चांगला लढतो, पण रणात मरण्याची किंवा पकडला जाण्याची शक्यताही त्याच्याच बाबतीत जास्त. तो तुमचा एकुलता एक वारस असेल तर घरी बसवा. स्वभावाविरुद्ध वागायला लावलंत तर राजाचा ताणही वाढतो. दयाळू राजाच्या हातून कैद्यांचे गळे चिरून घेतले तर त्याची किंमत त्याच्या मनाला मोजावी लागते.

हवा तसा सेनापती घडवा

मला सगळ्यांत मजा येते ती इथे. बऱ्याच गेममध्ये ट्रेट आपोआप उगवत नाहीत, तुमच्या हुकमांतून ते तयार होतात. ‘मेडिव्हल २: टोटल वॉर’मध्ये लढाईनंतर पकडलेले कैदी सोडून दिले तर सेनापतीची शिव्हलरी, म्हणजे उदारपणाची ख्याती, वाढते. कत्तल केली तर ड्रेड, म्हणजे दहशत. जिंकलेल्या शहराशी कसं वागता त्यावरही हेच ठरतं. दोन्ही उपयोगाचे आहेत: उदार सेनापतीच्या सैनिकांचं मनोबल वाढतं, क्रूर सेनापतीला पाहून शत्रूचं खचतं. शहराचा कारभार दिला तर पहिल्याच्या हाताखाली लोकसंख्या वाढते, दुसऱ्याच्या धाकाने शहर शांत राहतं. फक्त एक वाट धरा. आज सोडले, उद्या मारले असं केलं की दोन्ही ख्याती एकमेकींना खातात आणि सेनापती धड इकडचा ना तिकडचा होतो.

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’मध्ये हिशोब आणखी सरळ आहे. डोंगरात लढवा, डोंगराचा ट्रेट मिळेल. वाळवंटात लढवा, वाळवंटाचा. रणगाड्यांचा जाणकार हवा असेल तर त्याच्या हाती भरपूर रणगाडे द्या. एका जनरलला २४ डिव्हिजन, म्हणजे फौजेच्या तुकड्या, झेपतात, त्याहून जास्त लादल्या की त्याच्या गुणांचा फायदा कमी होत जातो.

उलटही घडतं. २००४च्या ‘रोम: टोटल वॉर’मध्ये तिजोरी फुगलेली ठेवून सेनापतीला शहरात रिकामा बसवून ठेवलं की त्याला एकेक व्यसन जडायला लागतं. मधूनमधून दरोडेखोरांच्या एखाद्या टोळीवर तरी पाठवत जा.

म्हातारा जायच्या आधी

सेनापती साठीकडे झुकला की त्याच्याच फौजेत एक तरुण ठेवा. ‘रोम’मध्ये प्रत्येकाभोवती जास्तीत जास्त आठ जणांचा गोतावळा जमतो: वैद्य, शिक्षक, हिशोबनीस वगैरे. त्यांतला प्रत्येक जण कुठला ना कुठला आकडा वाढवत असतो. दोघं एकाच फौजेत किंवा एकाच शहरात असतील तर म्हाताऱ्याच्या पानावरून माणूस उचलून तरुणावर सोडता येतो. एकदा मी हे पुढच्या खेपेवर ढकललं आणि त्याच हिवाळ्यात म्हातारा गेला, आठही जणांसकट.