घरावर भलत्याचंच कर्ज निघालं? मग या चुका टाळा

मी वकील नाही. बँकेच्या वसुली टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे कुठला कागद कुठे जातो हे ठाऊक आहे. निवृत्तीनंतर लोक नोटिसा घेऊन घरी येतात. फसवणारे दरवेळी नवी युक्ती काढतात, फसलेली माणसं मात्र चूक तीच करतात. पोलिसांत तक्रार दिली म्हणजे लिलाव थांबला, असं समजून स्वस्थ बसतात.

लिलाव थांबत नाही. एफआयआर फसवणाऱ्यावर असतो. बँकेची कारवाई २००२ च्या सरफेसी कायद्याखाली चालते, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, आणि ती पोलीस तपासासाठी खोळंबत नाही.

डोंबिवलीचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. रीसेलचा फ्लॅट, त्यावर स्वतःचं गृहकर्ज. विकणाऱ्याने तोच फ्लॅट आधी दुसऱ्या बँकेत गहाण टाकला होता आणि यांच्या हातात खोटे कागद ठेवले होते. त्या दुसऱ्या बँकेची ताबा नोटीस दारावर लागली, तोरणाच्या खाली, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून. नाव जुन्या मालकाचं. शेजारीपाजारी बघतील म्हणून वहिनींनी ती सोलून काढली आणि देवघराच्या खणात ठेवून दिली. "आपलं नावच नाही त्यात," दादा म्हणाले, आणि पुढचे दोन महिने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिले. माझ्यासमोर त्यांनी पिशवी उलटी केली तेव्हा एफआयआरच्या अकरा झेरॉक्स निघाल्या. डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, केलेला अर्ज एकही नव्हता. नोटीस लागून ६३ दिवस झाले होते.

सरफेसीच्या कलम १७ खाली डीआरटीत दाद मागायला ४५ दिवस मिळतात. तिथे कर्जदारानेच जायला हवं असंही नाही. बँकेच्या कारवाईची झळ बसलेला कोणीही जाऊ शकतो, म्हणजे हे दोघंसुद्धा. आम्ही विलंबमाफीचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. ऐन पावसात त्यांनी घर सोडलं. विकणाऱ्यावरचा खटला आजही चालू आहे.

म्हणून मी सगळ्यांना माझी सवय सांगतो. दारावरची नोटीस काढण्याआधी तिचा फोटो घ्या. पाकिटातून आली असेल तर टपालाच्या शिक्क्यासकट पाकीट जपा. मग कॅलेंडरवर चाळिसाव्या दिवसाला लाल गोल करा. पंचेचाळिसाव्याला करू नका, वकिलालाही कागद वाचायला वेळ लागतो. पोलीस तक्रार त्याच आठवड्यात करा आणि तिची प्रत डीआरटीच्या अर्जाला जोडा. काही जण आधी दिवाणी कोर्टात धाव घेतात. कलम ३४ ने ती वाट जवळपास बंद केली आहे. बँकेनेच फसवणूक केल्याचा आरोप असेल तर अपवाद निघू शकतो, पण त्याच्या भरवशावर ४५ दिवस घालवू नका.

दुसरी चूक पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं, कारण ती रागाच्या भरात होते. "फ्लॅटच वादात आहे, मग मी हप्ता का भरू?" दादांनीही हेच केलं होतं. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. म्हणजे आधी एक बँक दारात होती, आता स्वतःचीही आली. हप्ता चालू ठेवा. अगदीच झेपत नसेल तर थकण्याआधी बँकेला लेखी कळवा.

कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस तुमच्याच नावाने आली असेल आणि सही तुमची नसेल, तर मॅनेजरला तोंडी सांगून काहीही होत नाही. हरकत लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुढे डीआरटीत उपयोगी पडतं. रजिस्टर पाकीट "घेत नाही" म्हणून परत पाठवणारेही भेटतात. नाकारलेली नोटीस मिळाल्यासारखीच धरतात.

"साहेबांशी सेटिंग आहे, सेटलमेंट करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे, कोरे चेक किंवा कुलमुखत्यारपत्र देऊ नका. एकरकमी तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं आणि पैसे थेट कर्जखात्यात जायला हवेत. शॉर्टकट शोधणारा माणूस इथे दुसऱ्यांदा लुटला जातो.

घर घ्यायच्या आधीची चूक एकच. "बँकेने कर्ज दिलं, म्हणजे कागद क्लिअर." बँकेचा सर्च रिपोर्ट बँकेसाठी असतो. टोकन देण्याची घाई करणाऱ्यांना मी आधी सरसाईवर, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीत, मालमत्ता शोधायला लावतो, मग नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या कराराचा गोषवारा, आणि नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे बँकेकडे गहाण टाकल्याची नोंद. तेवढ्यात फ्लॅट हातचा गेला तर जाऊ दे. कागदांच्या झेरॉक्सवर विसंबू नका, मूळ करार हातात घेऊन बघा. ते "बँकेत आहेत" असं उत्तर आलं तर कुठल्या बँकेत ते विचारा आणि त्या शाखेत स्वतः जा.

आणि कलम १४ चा, म्हणजे मॅजिस्ट्रेटने दिलेला, ताब्याचा आदेश घेऊन ताबा घ्यायला माणसं आलीच, तर दार अडवून उभे राहू नका. आदेशाची प्रत मागा, वकिलाला तिथूनच फोन लावा. सामानाची यादी खोलीखोलीतून फिरून तपासा. औषधं, मुलांची दप्तरं आणि घराच्या कागदांची पिशवी आधी बाहेर काढा. पंचनाम्यावर सही त्यानंतर करा.