जुन्या मर्सिडीजचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: उतरवण्याआधी घरी करायची कामे

मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील गाड्या १९७५ च्या अखेरीपासून १९८६ च्या सुरुवातीपर्यंत तयार होत होत्या आणि त्यांची एकूण संख्या सुमारे २७ लाखांच्या घरात गेली. त्यांतील डिझेल इंजिने इतकी दणकट आहेत की आज ही गाडी बाळगणाऱ्याला घोर लागतो तो इंजिनाचा नव्हे, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. गिअर बदलताना मागून कोणी धक्का दिल्यासारखी गाडी हिसकते, किंवा लिव्हर डी मध्ये (पुढे जाण्याच्या जागी) टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग ती एकदम पुढे सरकते, आणि अशा वेळी गॅरेजमधून बहुधा एकच निदान ऐकू येते: गिअरबॉक्स कामाला आला आहे, उतरवावा लागेल.

माझ्या ३०० डी या डिझेल मॉडेलच्या बाबतीत हेच घडले. दहा मिनिटे फेरी मारून गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय मला ऐकवण्यात आला. त्याच आठवड्यात चावी बंद केल्यावरही इंजिन चालूच राहू लागले आणि दारांची मध्यवर्ती कुलुपे सुस्तावली. वरवर पाहता या तीन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण तिन्हींचे मूळ बोटाच्या पेराएवढ्या एका तडकलेल्या रबरी जोडात सापडले. म्हणून या लेखात गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच-प्लेटांविषयी मी लिहिणार नाही. घरच्या पार्किंगमध्ये, साध्या हत्यारांनी, जे तपासता आणि दुरुस्त करता येते तेवढेच मी सांगणार आहे, आणि ते १९८० नंतरच्या गाड्यांत येणाऱ्या ७२२.३ या चार गिअरांच्या गिअरबॉक्सला धरून आहे.

आधी तेलाची पातळी

पहिली तपासणी डिपस्टिकची, आणि तीच सर्वाधिक वेळा चुकीची केली जाते. गाडी सपाट जागेवर उभी असावी, इंजिन चालू असावे, लिव्हर पी मध्ये (पार्किंगच्या जागी) असावा आणि तेल सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे. त्यासाठी गाडी किमान वीस किलोमीटर चालवून आणावी लागते. पावसाळाभर आच्छादनाखाली उभ्या असलेल्या गाडीचे थंड तेल पाहून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातले) तेल हळूहळू पॅनमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाच्या थाळीत) उतरते आणि इंजिन बंद असताना पाहिलेली पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. किमान आणि कमाल या दोन खुणांमधले अंतर अवघे ०.३ लिटरचे आहे, तेव्हा तेल घालताना पेलाभर ओतून पुन्हा पाहावे. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि गिअर उशिरा लागतो. जास्त झाले तर आतले फिरते भाग ते घुसळून त्याचा फेस करतात आणि लक्षणे जवळपास तीच दिसतात. डिपस्टिक पुसायला कॉटन वेस्ट मुळीच वापरू नये. तिचा एक धागादेखील व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेल हवे तिकडे वळवून गिअर बदलणाऱ्या भागातल्या) बारीक वाटेत अडकू शकतो. माझ्याकडे त्यासाठी चामड्याचा एक जुना तुकडा वेगळा ठेवलेला आहे.

तेल बोटांवर घेऊन त्याचा वासही घ्यावा. लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळपट आणि करपलेल्या वासाचे असेल तर क्लच घसरत आहेत. गुलाबी दुधासारखे दिसत असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी तेलात शिरले आहे आणि अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

व्हॅक्यूमच्या नळ्या

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटलमुळे (हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेमुळे) तयार होणारा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, नसतो, म्हणून या गाडीत तो तयार करण्यासाठी इंजिनावर चालणारा स्वतंत्र पंप बसवलेला आहे. त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो, दारांची कुलुपे चालतात, इंजिन बंद करणारा शट-ऑफ व्हॉल्व्ह चालतो आणि गिअरबॉक्सला इंजिनावर किती भार आहे हेही त्याच्यामुळेच कळते. इंजेक्शन पंपावर बसवलेला एक लहान नियंत्रक व्हॉल्व्ह पेडल दाबत जावे तसा व्हॅक्यूम कमी करत जातो. गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या मॉड्युलेटरला भरपूर व्हॅक्यूम मिळाला की तो आतला तेलाचा दाब कमी ठेवतो आणि गिअर अलगद बदलतो. व्हॅक्यूम नाहीसा झाला की चालकाने पेडल पूर्ण दाबले आहे असे समजून तो दाब वाढवतो आणि गिअर जोरात बसतो. म्हणजेच कुठेतरी नळी गळत असेल तर गिअरबॉक्स निरोगी असूनही गाडी हिसकत राहते.

तपासणी पंपापासून सुरू करावी. टी आकाराच्या जोडाने व्हॅक्यूम गेज मुख्य नळीला लावावा. इंजिन मंद चालू असताना काटा २० इंचांच्या (पाऱ्याच्या) वर जायला हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे तिथे हाच आकडा मुंबईपेक्षा दीड-दोन इंचांनी कमी येतो, हे लक्षात ठेवावे, नाहीतर चांगला पंप उगाच बदलला जाईल. मग एकेक फाटा काढून त्याचे तोंड बंद करत जावे. ज्या फाट्याचे तोंड बंद केल्यावर काटा वर उसळतो, गळती त्या फाट्यावर आहे. प्लास्टिकच्या नळ्या सहसा टिकतात, पण त्यांच्या टोकांचे रबरी जोड चाळीस वर्षांत कडक होऊन तडकतात, आणि वरून नीट दिसणारा जोड वाकवून पाहिल्यावरच त्याच्या पोटातली फट उघडी पडते. हे सगळे जोड एकदमच बदलावेत. त्यांची किंमत किरकोळ आहे.

त्यानंतर मॉड्युलेटरवरची नळी काढून आत पाहावे. तिथे लाल तेल दिसले तर आतला पडदा फाटला आहे, आणि कुठेही थेंब न सांडता तेल कमी का होते या कोड्याचे उत्तरही तिथेच आहे. तेल नसेल तर हाताच्या पंपाने १० इंचांचा व्हॅक्यूम देऊन एक मिनिट थांबावे. काटा खाली येता कामा नये. नळी काढून तिचे तोंड बंद करून एक फेरी मारणे हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. गिअर पूर्वीइतकेच कडक बसत असतील, तर मॉड्युलेटरपर्यंत व्हॅक्यूम मुळात पोहोचतच नव्हता.

मॉड्युलेटरला दाब जुळवण्याची सोय असते. नळ्या दुरुस्त होईपर्यंत तिला हात लावू नये, आणि नंतरही एका वेळी अर्धाच फेरा देऊन, किती फेरे दिले ते वहीत लिहून, मग गाडी चालवून पाहावी. गिअर बदलल्याचे कळूच नये असा हट्ट मात्र धरू नये. दाब कमी ठेवून मिळवलेला मऊपणा म्हणजे क्लच प्रत्येक वेळी थोडा अधिक घसरणे, आणि त्याची किंमत पुढे गिअरबॉक्स उतरवूनच मोजावी लागते. गिअर बसल्याचे पाठीला हलकेसे जाणवावे, हे माझ्या मते योग्य माप आहे.

लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या टोकांची प्लास्टिकची बुशेही या वेळी पाहून घ्यावीत. ती भुगा होऊन गळाली की लिव्हर डी दाखवतो पण आतला व्हॉल्व्ह अर्ध्यावरच राहतो. कधीकधी पी मध्ये स्टार्टरही लागत नाही.

तेल आणि फिल्टर बदलणे

गाडी कोमट असताना हे काम करावे, कारण ८० अंशांचे तेल हात भाजते. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी पक्क्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यावी; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. पॅनचा ड्रेन प्लग ५ मिलिमीटरच्या एलन कीने निघतो. एवढ्यावर थांबल्यास बरेचसे जुने तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते, आणि या गाडीचे मोठे सुख असे की कन्व्हर्टरलाही स्वतःचा ड्रेन प्लग आहे. क्रँकच्या बोल्टला २७ चा सॉकेट लावून, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, इंजिन सावकाश हाताने फिरवावे. गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाच्या खालच्या झरोक्यात प्लग दिसला की थांबावे. उलट दिशेने कधीही फिरवू नये.

पॅन उतरवल्यावर त्याच्या तळाचा गाळ घाई न करता पाहावा. बोटावर येणारा करडा, पिठासारखा मऊ लेप क्लचच्या नेहमीच्या झिजेचा असतो. पितळी चमक, धातूच्या कपच्या किंवा काळ्या अस्तराचे तुकडे दिसले तर मात्र हे काम घरचे उरत नाही. नवा फिल्टर आणि नवे पॅकिंग बसवावे. पॅनचे बोल्ट टॉर्क रेंचने ८ न्यूटन-मीटरवर आणि दोन्ही ड्रेन प्लग नव्या वॉशरसह १४ न्यूटन-मीटरवर आवळावेत. अंदाजाने जोर लावल्यास पॅन वाकतो आणि मग कितीही पॅकिंग बदलले तरी तो पाझरतच राहतो.

डेक्सरॉन २ किंवा ३ प्रतीचे तेल आधी चार लिटर घालावे, इंजिन सुरू करून पी मध्येच ठेवावे आणि उरलेले थोडे थोडे भरावे. एकूण सुमारे ६ लिटर लागते. नंतर ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवावा आणि तेल तापल्यावर पातळी पुन्हा पाहावी. जुने तेल गटारात न ओतता वापरलेले तेल घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे द्यावे.

यातील बहुतेक मॉडेले सुटताना दुसऱ्याच गिअरमध्ये सुटतात आणि पेडल पूर्ण दाबल्यावरच पहिला गिअर घेतात, म्हणून पहिला गिअर गेला असे समजून घाबरू नये. पण रिव्हर्स व्यवस्थित लागतो आणि गाडी पुढे मात्र जात नाही, अशी स्थिती असेल, तर बी २ या ब्रेक बँडचा (आतला ड्रम आवळून धरणाऱ्या पट्ट्याचा) पिस्टन तुटला असण्याचा दाट संभव आहे. सुरुवातीच्या ७२२.३ मध्ये हा दोष परिचित आहे, आणि तो पिस्टन गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो. त्याच्या झाकणामागची स्प्रिंग जोरदार असल्याने योग्य हत्याराशिवाय ते काम घरी करू नये. मात्र संपूर्ण गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी मेकॅनिककडे या पिस्टनची चौकशी अवश्य करावी. तेल बदलल्यानंतर सुमारे ५०० किलोमीटरांनी पातळी आणखी एकदा तपासावी आणि पॅनचे बोल्ट त्याच मापावर आहेत का ते पाहून घ्यावे.