पॅलेडियमची नळी वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

कोयलीची रिफायनरी आणि आसपासच्या रसायन कारखान्यांमुळे बडोद्याला हायड्रोजन नवा नाही. पण पॅलेडियमच्या नळीतून, म्हणजे जिच्या तापलेल्या भिंतीतून फक्त हायड्रोजनच पलीकडे जातो अशा धातूच्या नळीतून, तो शुद्ध करणाऱ्या छोट्या युनिटवर सिलिंडर-कंप्रेसरची सवय चालत नाही.

सर्वांत महागात पडते ती बंद करतानाची चूक. पाळी संपत आली की आधी हीटर, मग गॅस, हा क्रम हाताला बसलेला असतो. शुद्ध पॅलेडियम सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या खाली हायड्रोजनमध्ये थंड झालं, की धातूच्या जाळीची रचना बदलते आणि ती आकारमानाने 10 टक्क्यांच्या आसपास फुगते. तापवलं की आकसते. अशा थोड्याच फेऱ्यांत नळी वाकते, वेल्डजवळ चिरते. म्हणून नळी 350-400 अंशांवर असतानाच हायड्रोजन तोडा, आतली-बाहेरची दोन्ही बाजू नायट्रोजनने धुऊन घ्या आणि मगच हीटर उतरवा. 23 टक्के चांदीच्या मिश्रधातूत हा धोका बराच कमी. तरी क्रम हाच ठेवा. पावसाळ्यात बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक भागात अचानक वीज गेली तर? वीज जाताच नायट्रोजनचा व्हॉल्व आपोआप उघडेल आणि हायड्रोजनचा मिटेल, अशी सोय हवीच. नळीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

दुसरी चूक काटकसरीची. गॅस वाया जातो म्हणून ब्लीड, म्हणजे नळीपलीकडे न गेलेला गॅस बाहेर सोडणारा बारीक प्रवाह, पूर्ण बंद करतात. मग पलीकडे न जाणारा नायट्रोजन, मिथेन नळीपाशी साचतो आणि प्रवाह उतरतो. थोडा ब्लीड चालूच ठेवा, पण तो सुरक्षितपणे बाहेर सोडा. हायड्रोजनची ज्योत दिवसा दिसत नाही.

दाब वाढवूनही फार हाती लागत नाही. प्रवाह दाबांच्या वर्गमुळांतल्या फरकावर चालतो. पलीकडे 1 बार असताना शुद्ध हायड्रोजनचा दाब 9 वरून 16 बार केला, तरी प्रवाह दीडपटच.

शुद्धता टिकून प्रवाहच घटला, तर ब्लीड तपासा, मग गंधक. हायड्रोजन सल्फाइड पृष्ठभाग निकामी करतो. नळीच्या आधी गंधक शोषणारा झिंक ऑक्साइडचा थर हवा. कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइडही जागा अडवतो, पण तो तापवल्यावर सुटतो.

शुद्धताच घसरली, तर चीर किंवा सील. युनिट धुऊन, थंड करून एका बाजूला हेलियम भरा. अखंड पॅलेडियममधून तो जात नाही. दुसऱ्या बाजूला सापडला, तर गळती मिळेपर्यंत युनिट पुन्हा हायड्रोजनवर घेऊ नका.