स्वस्त सिनेमा कॅमेरा आणि बदललेले फर्मवेअर : या चुका टाळा

सांगलीत लग्नांचे आणि लघुपटांचे चित्रीकरण करत, आणि मोकळ्या दिवसांत कॅमेरे भाड्याने देत, माझी बरीच वर्षे गेली. या काळात कॅमेरे बदलले, कार्डे बदलली, गिऱ्हाइकांच्या अपेक्षा बदलल्या, परंतु नवशिक्यांच्या चुका जशाच्या तशा राहिल्या. तुळशीचे लग्न झाले आणि लग्नसराई तोंडावर आली, की कोणी ना कोणी तरुण नवी किंवा जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेऊन दुकानात येतो आणि त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘सर, स्वस्तात मिळाला, पण...’ या ‘पण’च्या पुढे जे जे आजवर ऐकावे लागले, ते एकदा लिहून काढावे असे ठरवले.

सर्वांत जुनी चूक म्हणजे बॉडीच्या किमतीलाच कॅमेऱ्याची किंमत समजणे. ब्लॅकमॅजिक या कंपनीने २०१३ साली पहिला पॉकेट सिनेमा कॅमेरा ९९५ डॉलरला आणला आणि २०१८ साली ४के चित्रीकरण करणारा पॉकेट १२९५ डॉलरला आणला, तेव्हापासून ‘सिनेमा कॅमेरा आता आपल्याही आवाक्यात आला’ हे वाक्य ऐकू येते. ते खोटे नाही. मात्र याच पॉकेट ४केमध्ये ब्लॅकमॅजिक रॉ या प्रकारात (रॉ म्हणजे सेन्सरवरून आलेले, फारशी प्रक्रिया न केलेले चित्र), ५:१ या आकुंचनाने, सेकंदाला ३० फ्रेमच्या गतीने चित्रीकरण केले, तर सेकंदाला सुमारे ८१ मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळजवळ २९० गिगाबाइट साठा लागतो. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत सहा तासांचे चित्रीकरण सहज होते. ते सगळे रॉमध्ये घेणाऱ्या उत्साही मुलाने हार्ड डिस्कचा आणि तिच्या दुसऱ्या प्रतीचा खर्च आधी कागदावर मांडलेला मला क्वचितच आढळतो. त्यात हा कॅमेरा कॅननच्या एलपी-ई६ या लहान बॅटरीवर चालतो आणि ती बॅटरी त्याला तासभरही नीट पुरत नाही, त्यामुळे दिवसभराच्या कामाला सात-आठ बॅटऱ्या किंवा बाहेरून वीज देण्याची सोय लागते. बॉडीत स्थिरीकरण नाही आणि चालत्या माणसावर फोकस धरून ठेवणारे ऑटोफोकस नाही. म्हणजे फेऱ्यांच्या वेळी धावपळ करणाऱ्यासाठी तो बनवलेलाच नाही. माझा हिशेब फार ढोबळ आहे : हाती असलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक पैसा बॉडीवर जात असेल, तर ती बॉडी आपल्यासाठी महाग आहे. उरलेल्या निम्म्यात लेन्स, कार्डे, बॅटऱ्या, चांगला माइक आणि एक भक्कम ट्रायपॉड बसला पाहिजे. हे प्रमाण मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही, मागच्या चुकांची किंमत मोजता मोजता ते ठरत गेले.

जुना पॉकेट घेताना आणखी एक गोष्ट विचारायची राहून जाते. नव्या कॅमेऱ्याबरोबर डाव्हिन्ची रिझॉल्व्ह स्टुडिओ या संकलनाच्या सॉफ्टवेअरचा परवाना मिळतो. पहिल्या मालकाने तो वापरून ठेवलेला असेल, तर तुमच्या वाट्याला रिकामे खोकेच येते. भाव ठरवण्यापूर्वी हे विचारावे.

काही चुकांना एका वाक्यापेक्षा अधिक जागा द्यावी असे मला वाटत नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून मंडपातील दिव्यांखाली २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवावे, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकतात. रंगांच्या कमी छटा टिपणाऱ्या आठ बिटच्या कॅमेऱ्यात लॉग प्रोफाइल (फिके चित्र घेऊन रंग नंतर ठरवण्याची सोय) लावून संध्याकाळचे आकाश घेऊ नये, ते संकलनात फाटते, म्हणजे छटांचे पट्टे दिसू लागतात. ‘जपानहून आलेला’ म्हणून स्वस्त मिळणारा कॅमेरा घेण्यापूर्वी त्याचा मेनू उघडून पाहावा, कारण जपानच्या बाजारासाठी बनलेल्या कित्येक बॉडींमध्ये जपानीखेरीज दुसरी भाषाच नसते आणि भारतातील वॉरंटी तर नसतेच. आणि बिलाशिवाय कॅमेरा घेऊ नये. कितीही ओळखीचा माणूस असला तरी घेऊ नये.

आता ज्या विषयासाठी मुख्यतः लिहायला बसलो, त्याकडे येतो. स्वस्तात सिनेमा कॅमेरा मिळवण्याची दुसरी वाट म्हणजे जुना डीएसएलआर घ्यायचा आणि त्यात बदललेले फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारा आतला प्रोग्रॅम, चालवायचे. या वाटेविषयी दोन टोकांची मते मला रोज ऐकू येतात. एक गट म्हणतो, ‘हॅक म्हणजे बेकायदाच.’ दुसरा म्हणतो, ‘कॅमेरा माझ्या पैशाचा, त्यात मी काहीही करीन.’ दोन्ही गटांतील बहुतेकांनी एक साधी गोष्ट पाहिलेली नसते, ती म्हणजे कॅमेऱ्याच्या आत नेमके काय बदलते.

कॅननच्या कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या मॅजिक लँटर्न या प्रोग्रॅमचेच घ्या. २००९ साली कॅननच्या ५डी मार्क २ साठी हे काम सुरू झाले, आणि उद्देश अगदी साधा होता : जास्त उजेडाच्या जागी झेब्रा पट्टे दिसावेत, आवाजाची पातळी दिसावी, फोकस तपासता यावा. २०१३ साली त्यातून ५डी मार्क ३ वर रॉ व्हिडिओ शक्य झाला आणि जगभर त्याची चर्चा झाली. परंतु हा प्रोग्रॅम कॅननचे फर्मवेअर पुसून त्या जागी बसत नाही. तो मेमरी कार्डावर राहतो, कॅमेरा सुरू होताना कार्डावरून चढतो आणि कॅननच्या प्रोग्रॅमच्या शेजारी चालतो. कॅमेऱ्याच्या आत कायमची बदलते ती एकच लहानशी खूण, तिला बूट फ्लॅग म्हणतात. कार्डावर आपला प्रोग्रॅम असेल तर तो चालव, एवढाच तिचा अर्थ. तशीच एक खूण कार्डावरही असते. ही एवढी गोष्ट समजून न घेतल्यामुळे माझी एक पहाट वाया गेली.

काही वर्षांपूर्वी एका लघुपटासाठी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर पहाटेचे दृश्य घ्यायचे होते. कृष्णेवर धुके असते, पायऱ्या ओल्या असतात आणि हवा तो उजेड जेमतेम वीस मिनिटे टिकतो. माझा जुना कॅनन ६००डी मॅजिक लँटर्नसह तयार होता. आदल्या रात्री लॉजवर माझ्या मदतनीस मुलाने कार्ड भरल्याचे पाहिले, लॅपटॉपला लावले आणि चित्रांच्या फोल्डरखेरीज जे काही अनोळखी दिसले ते सगळे काढून टाकले. त्यात ऑटोएक्झेक ही मुख्य फाइलही गेली. कार्डावरची बूट होण्याची खूण मात्र तशीच राहिली, कारण फाइली पुसल्याने ती जात नाही. पहाटे कॅमेरा सुरू केला तर पडदा काळा आणि एकही बटण दाद देईना. खूण सांगते की प्रोग्रॅम चालव, आणि प्रोग्रॅम तर जागेवर नाही. अशा वेळी कॅमेरा वाट पाहत अडकून राहतो आणि गुपचूप बॅटरी खात बसतो. आम्ही एकामागून एक चार बॅटऱ्या बदलल्या. कार्ड बदलून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही, आणि त्या ‘कोणालाच’मध्ये मीही आलो. धुके विरले, घाटावर धुणे धुणाऱ्या बाया आल्या, नायिकेला सात वाजता परत जायचे होते ती गेली. साताऱ्यात एका दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडण्यापूर्वीच ‘मेन बोर्ड गेला’ असे सांगून नऊ हजारांचा आकडा ऐकवला. सांगलीला परत येऊन बॅग आवरताना मी सहज दुसरे कोरे कार्ड घातले, तर कॅमेरा काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाला. चूक मुलाची नव्हती. कोणती फाइल कशासाठी आहे हे मीच त्याला कधी सांगितले नव्हते.

म्हणून असा कॅमेरा ‘मेला’ असे वाटले, तर सर्वांत आधी बॅटरी काढावी, कार्ड काढावे, दुसरे साधे कार्ड घालावे आणि मगच घाबरावे. कार्ड रिकामे करायचे असेल तर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. मॅजिक लँटर्न चालू असताना स्वतःच्या फाइली राखून फॉरमॅट करण्याची सोय त्यातच असते. कार्डाचे झाकण उघडल्यावर दिवा विझेपर्यंत कार्ड ओढू नये. आणि फर्मवेअरचा आकडा तंतोतंत जुळल्याशिवाय काहीही चढवू नये : ५डी मार्क ३ साठी १.१.३ किंवा १.२.३ असे लिहिलेले असेल, तर ‘माझा त्याहून नवा आहे, म्हणजे चालेलच’ हा तर्क तिथे लागू होत नाही. ‘एवढे कोण वाचत बसणार’ असे म्हणणाऱ्याने या वाटेला जाऊच नये, त्याने सरळ नवा कॅमेरा हप्त्यावर घ्यावा.

अपेक्षांचीही तीच गत. ५डी मार्क ३ वर १०८० चा (फुल एचडी) १४ बिट रॉ २५ फ्रेमने घेतला तर सेकंदाला सुमारे ९० मेगाबाइट लिहावे लागतात, ६४ गिगाबाइटचे कार्ड बारा मिनिटांच्या आत भरते आणि तो वेग फक्त सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाच्या खणातच मिळतो. ६००डी सारख्या लहान बॉडी एसडी कार्डावर सेकंदाला २० मेगाबाइटच्या आसपास लिहितात. त्यांवर पूर्ण १०८० रॉ होणार नाही, कार्ड कितीही महागाचे आणले तरी नाही.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेतील कोणी व्हिडिओत सांगितलेला कायदा सांगलीत लागू होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. तिथे १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइटविषयक कायद्याने कंपनीने घातलेले डिजिटल कुलूप तोडण्याची कृतीच मुळात वर्ज्य केली आहे आणि दर तीन वर्षांनी काही सवलती जाहीर होतात. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा चालतो. त्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीतच मोडतो, आणि ‘संगणक’ या शब्दाच्या व्याख्येत माहितीवर प्रक्रिया करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण येते, म्हणजे आपला कॅमेराही येतो. त्यामुळे बॉडी तुम्ही विकत घेतली तरी आतल्या फर्मवेअरचा कॉपीराइट कंपनीकडेच राहतो. ‘माझ्या पैशाचा आहे’ हे म्हणणे इथे अर्धेच खरे ठरते. दुसरीकडे, त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रोग्रॅम कायदेशीरपणे जवळ बाळगणाऱ्याला काही मोकळीक आहे : ज्या कामासाठी तो दिला गेला त्या कामासाठी त्याची प्रत किंवा रूपांतर करणे, तो कसा चालतो याचे निरीक्षण व अभ्यास करणे, आणि स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी, अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवणे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक उपाय, म्हणजे अशी डिजिटल कुलपे, मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते, परंतु ते हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने मोडले असतील तर.

व्यवहारात याचा अर्थ मी असा लावतो. मॅजिक लँटर्न हे स्वतंत्र लिहिलेले, जीपीएल या, कोणालाही वापरण्याची व बदलण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली खुले वाटलेले काम आहे. ते स्वतःच्या कॅमेऱ्यात, स्वतःच्या कार्डावरून चालवणाऱ्याला रात्री झोप न लागण्याचे कारण मला दिसत नाही. कंपनीची मूळ फर्मवेअर फाइल घेऊन, तिच्यात फेरफार करून, ती तयार फाइल मित्रांच्या ग्रुपवर फिरवणे हा मात्र वेगळाच प्रकार आहे, कारण तिथे कंपनीच्या प्रोग्रॅमची प्रत वाटली जाते. पॅनासॉनिकच्या जीएच२ या कॅमेऱ्याच्या काळात बदल करणारे साधन वेगळे दिले जाई आणि मूळ फाइल ज्याची त्याने आणायची असे, त्यात हे शहाणपण होते. आणि ज्या सोयीसाठी कंपनी पैसे मागते, ती सोय चोरून उघडणे ही सरळ चोरी आहे. पॅनासॉनिकच्याच जीएच४ साठीचा व्ही-लॉग हा लॉग प्रोफाइल २०१५ साली विकत घ्यावा लागे आणि त्याची किल्ली, म्हणजे कोड, एकाच बॉडीला लागे. ‘कोडशिवाय करून देतो’ म्हणणाऱ्याकडून तो घेणारा कलम ६३ब च्या अंगणात उभा असतो. प्रोग्रॅमची अवैध प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, असे ते कलम म्हणते. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकते, परंतु लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याला ‘मी हौसेखातर केले’ असे म्हणता येणार नाही.

कायदेशीर असणे आणि वॉरंटी टिकणे या दोन गोष्टींचीही गल्लत करू नये. केलेली गोष्ट कायद्याला धरून असली तरी सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारू शकते, म्हणून वॉरंटीतल्या कॅमेऱ्याला मी हात लावत नाही. जुना कॅमेरा विकताना बूट फ्लॅग काढून, निदान सांगून विकावा.

आणि भाड्याचा कॅमेरा तुमचा नसतो. हे लिहावे लागते याचाच मला त्रास होतो. तीन दिवसांसाठी नेलेल्या बॉडीत न विचारता काहीतरी चढवून परत आणून देणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्याजवळ कलम ५२ च काय, साधी परवानगीही नसते. म्हणून आता कॅमेरा परत आला की मी आधी त्यात कोरे कार्ड घालतो, मेनूतला फर्मवेअरचा आकडा पाहतो आणि वहीत नेतानाच्या आकड्याशेजारी लिहितो. त्या रकान्याला मुले हसतात. मागच्या महिन्यात तासगावच्या एका मुलाने आणलेल्या बॉडीचा आकडा जुळला नाही. मूळ आवृत्ती परत चढेपर्यंत त्याची अनामत माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली.