जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा पार्ट हवा? नाव नको, माप घेऊन जा

वडोदऱ्याकडच्या पादरा गावाजवळच्या आमच्या वाडीत पेरूच्या दोन ओळींमधून फिरणारा १८ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आता २२ वर्षांचा झालाय. मोठा ट्रॅक्टर त्या ओळींत शिरला तर फांद्या मोडतो, म्हणून हाच चालता ठेवायचा. वडोदऱ्यात दुकानात मॉडेलचं नाव सांगितलं की उत्तर येतं, "ए मॉडल तो बंध थई गयुं, भाई." मॉडेल बंद झालं हे खरंच, पण त्यातले झिजणारे बरेचसे पार्ट बंद झालेले नसतात. बेअरिंग, ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी), पट्टे म्हणजे बेल्ट हे सहसा ट्रॅक्टर कंपनीने स्वतः बनवलेले नसतात, तिनेही ते बाहेरूनच घेतलेले असतात.

आधी ट्रॅक्टर धुऊन घ्या. चासी नंबर, इंजिन नंबर आणि डिझेल पंपावरची पट्टी, तिन्हींचे स्पष्ट फोटो काढा. पंप बहुधा दुसऱ्याच कंपनीचा असतो आणि त्याला स्वतःचा नंबर असतो. पंप दुरुस्त करणारा तोच विचारतो. खोलताना प्रत्येक टप्प्यावर फोटो घ्या. शिम (फट भरायला घातलेल्या पातळ चकत्या) निघाले तर किती आणि कुठल्या बाजूचे ते लगेच लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

बेअरिंगचं काम सर्वांत सोपं. कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असले की त्यांना ५ ने गुणायचं, आतला व्यास मिळतो. पण ६३०५ चाही आतला व्यास २५ च असतो, बाहेरचा मात्र ६२ आणि जाडी १७. म्हणून पूर्ण नंबर सांगा, मागच्या अक्षरांसकट. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टू-आरएस म्हणजे रबराची. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) तिन्ही मापं घ्या.

पट्ट्यावर बी-४२ असं काही असतं. बी म्हणजे वरची रुंदी १७ मिलिमीटर, ४२ म्हणजे आतली लांबी इंचांत.

ऑइल सीलने मला सर्वांत जास्त शिकवलं. एका पावसाळ्यात मी तीन वेळा सील बदललं आणि तिन्ही वेळा तेल गळलं. शेवटी शाफ्टवरून नख फिरवलं, तर सीलच्या ओठाने (शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेने) तिथे खाच पाडलेली होती. अशा वेळी जागा असेल तर नवं सील दोनेक मिलिमीटर पुढे-मागे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या भागावर येतो. जागा नसेल तर शाफ्टवर स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी, चढवून घ्यायची. माप जुन्या, फुगलेल्या सीलचं घेऊ नका. शाफ्टचा व्यास, सील बसतं त्या घराचा व्यास आणि त्याची खोली मोजा, त्याच क्रमाने दुकानात सांगा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे.

आता जे खरोखर कंपनीचेच असतात ते पार्ट: गिअर, क्लचचे भाग, हायड्रोलिकचे तुकडे. त्यासाठी पार्ट्स कॅटलॉग मिळवा आणि त्यातल्या सुट्या भागांच्या आकृतीवरून पार्ट नंबर काढा. कंपनीचं नाव बदललं म्हणून शोध सोडू नका. आपल्या वडोदऱ्यातल्या विश्वामित्रीच्या ट्रॅक्टर कारखान्याचंच बघा. हिंदुस्तान ट्रॅक्टरची १९७८ मध्ये गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाली, पुढे महिंद्राने हिस्सा घेतला आणि २०१७ मध्ये नाव ग्रोमॅक्स झालं. तुमच्या ट्रॅक्टरची कंपनी आज कोणाकडे आहे ते शोधा आणि त्यांच्या डीलरला जुना नंबर द्या. त्या जागी नवा नंबर आला असेल तर तो त्याला यादीत दिसतो.

तरीही नाही मिळालं, तर वडोदऱ्याची मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. बुश, पिन, शाफ्ट, गिअर असे सुटे नगही करून देणारे कारागीर तिथे सापडतात. गिअर करायला देताना त्याच्याशी जुळणारा दुसरा गिअरही सोबत न्या, कारण झिजलेल्या दातांवरून खरा आकार कळत नाही. स्टील कुठलं आणि हार्डनिंग (तापवून दात कडक करणं) होणार का, हे आधी ठरवा. हार्डनिंगशिवायचा गिअर स्वस्त पडतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच दारात नेतो.

भंगारातून बोनेट, रिम, गिअरबॉक्सचं घर खुशाल घ्या, मात्र घरावर तडा आहे का ते आधी तपासा. स्टिअरिंग आणि ब्रेकचे पार्ट तिथून कधीही घेऊ नका, कितीही चांगले दिसले तरी.

मिळालेल्या प्रत्येक पार्टचं माप आणि दुकान मी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहितो. मे महिन्यात त्यावरून सील आणि पट्टे आणून ठेवतो, पिशवीत बंद करून, उन्हापासून लांब.