एन्क्रिप्शनचं काम कार्ड आणि सीपीयूत वाटताय? या चुका टाळा

क्रिप्टो ॲक्सिलरेटर कार्ड, म्हणजे एन्क्रिप्शनचं काम सीपीयूऐवजी स्वतः करणारं कार्ड, बसवलं, ड्रायव्हर नीट लोड झाला आणि स्पीड वाढायच्या ऐवजी उलट कमी झाला, ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की आता मी आधी एकच विचारतो, पॅकेट केवढं आहे? कार्डाला काम द्यायचं म्हणजे रिक्वेस्ट भरा, डीएमए करा (डेटा मेमरीतून थेट कार्डात न्या), रांगेत थांबा, काम झाल्याच्या इशाऱ्याची, म्हणजे इंटरप्टची, वाट बघा, आणि हा सगळा खटाटोप 64 बाइटसाठी केला तर तोवर सीपीयूने ते काम स्वतःच उरकलेलं असतं. इंटेलच्या सीपीयूत 2010 पासून, म्हणजे वेस्टमिअर या पिढीपासून, एईएस या नेहमीच्या सायफरसाठी खास सूचना (एईएस-एनआय) आहेत, त्यामुळे साधं एईएस तिथेच पटकन होतं. कार्डाला आरएसएसारखं (पब्लिक-की प्रकारचं) जड काम द्या, नाहीतर मोठे ब्लॉक, आणि सीमारेषा कुठे ती आपल्याच मशीनवर मोजून ठरवा.

मोजण्यातही लोक फसतात बरं का. ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीची स्पीड कमांड वेळ धरते ती सीपीयूची, आणि कार्ड काम करत असताना सीपीयू मोकळा असतो, मग आकडे असे येतात की विश्वासच बसू नये (आणि बसवूही नये). इलॅप्स्ड हा पर्याय लावा म्हणजे घड्याळातली खरी वेळ मिळेल. उलटंही होतं, एकाच थ्रेडमधून एकेक काम पाठवलं की कार्ड बराच वेळ रिकामं बसतं आणि आपण म्हणतो कार्डच बेकार, तेव्हा असिंक जॉब्स (आधीच्या उत्तराची वाट न बघता एकदम पाठवलेली कामं) वाढवून बघा.

आता खरी घातक चूक. एकच की (एन्क्रिप्शनची किल्ली) हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोघांना दिली, मोड जीसीएम (मजकूर लपवतो आणि मेसेज खरा आहे का तेही तपासतो तो), आणि दोघेही आपापला काउंटर शून्यापासून मोजतायत. काउंटरमधून येतो तो नॉन्स, म्हणजे दर मेसेजला नवाच हवा असा आकडा; तोच नॉन्स दोनदा गेला की दोन मजकुरांचा एक्सऑर (दोघांची बिट-बिट तुलना) बाहेर पडतो आणि वर खोटे मेसेज खरे म्हणून खपवता येतात, आणि हे सगळं होताना लॉगमध्ये एक अक्षर उमटत नाही, सगळं छान चाललंय असंच दिसतं. नॉन्स वाटणीच्या आधी एकाच ठिकाणी द्या, नाहीतर दोघांना वेगवेगळ्या की द्या.

आयपीसेकमध्ये, म्हणजे नेटवर्कची पॅकेट एन्क्रिप्ट करून टनेलमधून पाठवण्याच्या पद्धतीत, अजून एक भानगड आहे. मोठी पॅकेट कार्डाकडे, छोटी सीपीयूकडे अशी वाटणी केली की मागून आलेलं छोटं पॅकेट पुढे निघून जातं, आणि समोरच्याची रिप्ले विंडो (किती मागे पडलेलं पॅकेट चालेल याची मर्यादा) लहान असेल तर रेंगाळलेली पॅकेट तो सरळ टाकून देतो. लोक मग केबल बदलत बसतात! समोरच्या मशीनवर लिनक्स असेल तर तिथे एक्सएफआरएमच्या (लिनक्समधल्या आयपीसेकच्या भागाच्या) आकड्यांमध्ये सिक्वेन्स एरर वाढतायत का ते बघा, वाढत असतील तर विंडो मोठी करा किंवा एक टनेल एकाच वाटेने जाऊ द्या.

कार्ड चालू आहे असं नुसतं गृहीत धरू नका. लिनक्समध्ये प्रॉक फोल्डरमधली क्रिप्टो फाइल उघडा, एकाच अल्गोरिदमचे दोन-तीन ड्रायव्हर दिसतील, त्यातला ज्याची प्रायॉरिटी जास्त तो साधारणपणे निवडला जातो, तो वेगवान असेलच असं नाही. काही ड्रायव्हर न झेपणारी की साइज आली की गुपचूप सॉफ्टवेअरकडे वळतात. आणि व्हर्च्युअल मशीन असेल तर आत सीपीयूच्या फ्लॅग्जमध्ये एईएस दिसतंय का तेही पाहून घ्या, जुनं जेनेरिक सीपीयू मॉडेल निवडलेलं असलं की तो फ्लॅग आतपर्यंत पोचतच नाही.